पेंढ्याचं रेडकू

"भोत आण गं," गोठ्यातून आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, हाक आली तेव्हा जयू माझ्या अंगावर पीत होती.

मी तिला तशीच पदराखाली धरून उठले. भोत पडवीतल्या खुंटीला टांगलेलं असायचं, उंदीर लागू नयेत म्हणून. एका काखेत लेक आणि दुसऱ्या काखेत ते, अशी मी अंगण ओलांडून गोठ्यात गेले. लेकीपेक्षा भोत हलकं होतं, पण धरायला अवघड. त्याचे पाय वाकायचे नाहीत.

माझ्या माहेरी शेळ्या होत्या, म्हैस कधी नव्हती. त्यामुळे भोत मी पहिल्यांदा सासरीच पाहिलं. म्हशीचं रेडकू दगावलं की ती पान्हा चोरते, कास भरलेली असूनही धार सोडत नाही. मग मेलेल्या रेडकाचं कातडं काढून, मीठ चोळून वाळवतात, आत पेंढा भरून शिवतात आणि धारेच्या वेळी तिच्यापुढं ठेवतात. त्यालाच भोत म्हणायचं. ती हुंगते, चाटते, आणि सड मोकळे होतात. आमच्या भागात यात कुणालाच काही वाटत नाही.

चंद्रीनं मान लांब करून भोत हुंगलं. आत्याबाईंनी त्याच्या पाठीवर मीठ शिंपडलं, चंद्री चाटायला लागली आणि बादलीत धार वाजली. इकडं माझी चोळी भिजली. जयू तर पिऊन झोपलेली होती. त्या पेंढ्याला चाटताना चंद्री घशातून जो बारीक आवाज काढायची, तो ऐकला की माझं असं व्हायचं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सांगणार तरी कुणाला? हे चाकणला कंपनीत होते आणि सुट्टी मिळेल तेव्हा यायचे.

जयू आणि चंद्रीचं रेडकू एकाच आठवड्यातली. मला मुलगी झाली, चंद्रीला टोणगा. माहेराहून मी जयूला घेऊन आले तेव्हा आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीचं तोंड पाहिलं आणि शेजारच्या हिरामावशींना म्हणाल्या, "माणसात पोरगी अन् म्हशीत टोणगा. देवानं दोन्हीकडं उलटंच दिलं बघ." हिरामावशी हसल्या. मीही हसले, कारण तेव्हा मी प्रत्येक गोष्टीला हसत होते.

टोणग्याला कुणी पोसत नाही. पारडी असेल तर तिच्यासाठी एक सड राखतात. टोणग्याला नुसतं तोंड लावू द्यायचं, पान्हा सुटला की दाव्यानं मागं ओढायचं. तो बारीक होत गेला. एका सकाळी उठलाच नाही. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याच दिवशी कातडं काढवलं. दूध बंद पडून चालणार नव्हतं. घरात येणारं रोजचं काही असेल तर ते डेअरीचं दूधच होतं.

थंडी वाढली तसं भोत खराब व्हायला लागलं. चाटून चाटून पोटाची शिवण उसवली, पेंढा बाहेर आला. चंद्री नुसती हुंगून तोंड फिरवायची. आत्याबाई कास चोळून चोळून थकायच्या आणि बादलीचा तळसुद्धा झाकायचा नाही.

एका संध्याकाळी मी उसवलेलं भोत धरून बसले होते आणि जयू मांडीवर रडायला लागली. भुकेचं रडणं होतं ते. चंद्रीनं कान टवकारले. मान वळवून तिनं जयूकडं बघितलं, घशातून तोच आवाज काढला आणि आत्याबाईंच्या हातातून धार सुटली.

आत्याबाईंचे हात थांबले नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "रडू दे तिला जरा. पाजू नको लगेच."

दुसऱ्या दिवसापासून भोत माळ्यावर गेलं. ज्या गोणपाटावर भोत ठेवायचो तेच गोणपाट एका डालग्यात अंथरलं, त्यावर जयूला ठेवलं आणि डालगं गव्हाणीत, चंद्रीच्या तोंडापुढं. गोणपाटाच्या कडेला मीठ. चंद्री मीठ चाटायची, मग चाटत चाटत जयूच्या दुपट्यापर्यंत यायची. तिची जीभ खरबरीत, काथ्याच्या ब्रशासारखी. मी मध्ये हात घालून बसायचे. माझा हात लाल व्हायचा.

आत्याबाई मात्र बदलल्या. आधी त्या जयूला घेत नव्हत्या असं नाही, पण घेतलं तरी भांडं उचलावं तशी घ्यायच्या, इकडून उचलून तिकडं ठेवायला. आता धारेच्या आधी हाक मारायच्या, "कुठंय आमची दूधवाली?" हिरामावशींना कौतुकानं सांगायच्या की पोरीच्या पायगुणानं म्हैस पान्हावली. मामा डेअरीवरून येताना तिला खुळखुळा घेऊन आले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण जयूच्या जावळाला त्या गोणपाटाचा, मिठाचा आणि कातड्याचा वास यायला लागला होता. कितीही न्हाऊ घातलं तरी जायचा नाही. रात्री तिला कुशीत घेतलं की आधी तो वास यायचा आणि मग तिचा.

मी एकदा म्हणून पाहिलं की पोरीला थंडी बाधेल. आत्याबाई म्हणाल्या, "गोठ्यात ऊब असती." ते खरंच होतं.

पौषात आमच्या मागचा ऊस तुटला. ऊस तुटला की त्यातला बिबट्या बेघर होतो, हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं. शेजारच्या गेनूभाऊंचं कुत्रं गेलं, मग कुणाची तरी शेळी गेली. दिवेलागणीला सगळे दारं लावून घ्यायचे. पण धार काढायची वेळही तीच, आणि गोठ्याला दार नव्हतं. तीन बाजूंनी कुडाची भिंत, आणि गव्हाणीच्या बाजूला कमरेएवढा दगडी गडगा. गडग्यापलीकडं उसाचं रिकामं रान.

त्या संध्याकाळी धार निम्म्यावर आली आणि लाइट गेली. रोजचंच होतं. आत्याबाई अंधारात धार काढत राहिल्या आणि मला म्हणाल्या की कंदील घेऊन ये. मी जयूकडं बघितलं. डालग्यात ती जागी होती, मूठ चोखत होती. कंदील पडवीतच होता. मी उठले.

काडी ओढली तेवढ्यात बादली आपटल्याचा आवाज आला. मग आत्याबाईंचं ओरडणं, आणि चंद्रीचा एक आवाज, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. कंदील घेऊन धावले ते मला आठवत नाही. आठवतं ते असं: गडग्यावर काहीतरी लांबट होतं, त्याचे डोळे उजेडात हिरवे झाले. चंद्रीनं दावं तोडलं होतं. ती गव्हाणीत दोन्ही पाय टाकून उभी राहिली, तिचं डोकं खाली गेलं आणि वर आलं, आणि ते लांबट अंग गडग्यापलीकडं फेकलं गेलं. रानात पाचट वाजलं. मग काहीच नाही.

आत्याबाई शेणात पडल्या होत्या, कमरेला हात लावून. डालगं उलटं झालेलं होतं.

जयू चंद्रीच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये होती.

ती रडत नव्हती. मी कंदील खाली ठेवला आणि पुढं गेले, तर चंद्रीनं फुत्कार टाकला आणि शिंगं माझ्यावर रोखली. मला वाटलं, अंधारात तिनं ओळखलं नसेल. मी "चंद्रे, चंद्रे" म्हणत राहिले. रोज तिला आंबोण मीच घालत होते. तिनं एक पाऊल पुढं टाकलं. तिचा खूर जयूच्या डोक्याशेजारी पडला, आणि तेव्हा जयू रडली. मला रडणं ऐकून जिवात जीव आला आणि त्याच क्षणी गेलाही, कारण त्या आवाजाबरोबर चंद्री आणखी बिथरली. रडणारं लेकरू पोटाखाली घेऊन ती गोल फिरायला लागली, जो कुणी जवळ येईल त्याच्याकडं तोंड करून.

आरडाओरडा ऐकून मामा आले, गेनूभाऊ आले, चार माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन आली. बॅटरीचा झोत पडला की चंद्री डोकं झटकायची आणि तिचे पाय हलायचे. कुणी म्हणालं फास टाका, कुणी म्हणालं शेपटी धरा. गेनूभाऊंनी काठी उगारली तर खालून आत्याबाईंचा आवाज आला, "खबरदार कुणी मारलं तर. तिनं एक पाऊल मागं टाकलं की पोरगी संपली."

सगळे थांबले. मी आणखी एकदा गेले. या वेळी मी सरळ खाली बसले, हात पुढं केले, आणि शिंगाचं टोक माझ्या दंडाला घासून गेलं. चोळीची बाही फाटली. मामांनी मला मागं ओढलं.

चंद्रीच्या चारी सडांतून दूध गळत होतं. बॅटरीच्या उजेडात स्पष्ट दिसत होतं. जयूच्या पायांवर, दुपट्यावर, शेणावर. जयू ओरडत होती आणि चंद्री मध्येच मान खाली घालून तिला चाटत होती. आता मध्ये माझा हात नव्हता.

तेव्हा मला कळलं की ही काय राखतेय.

मी धावत पडवीत गेले, माळ्यावर हात घालून भोत ओढून काढलं. त्याला आता धूळ आणि उंदरांच्या लेंड्यांचाच वास येत होता. चंद्रीनं ते आधीच नाकारलं होतं. पण माझ्या खांद्यावर जयूचं दुसरं दुपटं होतं, ओकलेलं, आंबूस. मी ते भोताभोवती गुंडाळलं. छातीशी गच्च धरलं. चोळी भिजलेली होतीच, ती त्या कातड्याला चोळली. इतके दिवस लेकीला रेडकाचा वास दिला होता, आता रेडकाला लेकीचा दिला.

गोठ्यात गेल्यावर मी सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "ती म्हणती तसं करा." बॅटऱ्या बंद झाल्या. कंदिलाचा तेवढा उजेड. मी भोत जमिनीवरून सरकवत चंद्रीच्या तोंडापाशी नेलं आणि घशातून तिचाच आवाज काढायचा प्रयत्न केला. रोज ऐकून तो माझ्या घशात बसला होता.

तिनं नाक खाली केलं. हुंगलं. जयूला हुंगलं, परत भोताला हुंगलं. तिला ठरवता येत नव्हतं. जयू रडून रडून दमली होती, तिचा आवाज बसला होता. भोत तर गप्पच. मी भोत थोडं मागं ओढलं, जिवंत असल्यासारखं, जसं मामा टोणग्याला ओढायचे तसं. चंद्री एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक. भोताच्या पाठीवर तिची जीभ पडली आणि ती चाटायला लागली.

मामांनी मागून जयूला काढून घेतलं.

जयूच्या गालाची साल निघाली होती, बाकी काही नाही. मी तिला घरात नेऊन अंगाला लावलं. दाराला कडी घातली. पण बाहेर चंद्री भोत चाटत होती ते मला भिंतीतून ऐकू येत होतं.

सकाळी निम्मं गाव अंगणात. वनखात्याची माणसं येऊन गडग्यावरचे ठसे बघून गेली. हिरामावशींनी चंद्रीच्या शिंगांना हळदकुंकू लावलं, कुणी हार आणला, कुणी गूळपोळी. मुकं जनावरसुद्धा खाल्ल्या मिठाला जागतं, असं जो तो म्हणत होता. जयू आता शाळेत जाते, तिथं ती हीच गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत म्हैस बिबट्याला तीनदा फेकते आणि मग तिला पाठीवर बसवून घरी आणते. मी दुरुस्त करत नाही.

गळ्यात हार घातलेली चंद्री दुपट्यात गुंडाळलेलं भोत चाटत उभी होती. सकाळी तिनं धार दिली नाही. दुपट्याचा वास एका रात्रीत उडाला असणार. संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी झाली. हात लावला की ती लाथ झाडायची. मान वर करून घराच्या दाराकडं बघायची आणि रेकायची.

मामा दारात आले. ते वाईट माणूस नव्हते. म्हशीचं दुखणं त्यांना बघवत नव्हतं, एवढंच.

"पोरीला आण," ते म्हणाले. "मी गडग्यापाशी कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. गेनूला पण बोलावतो. घडीभराचं काम आहे."

मी जयूला घेऊन चुलीपाशी बसले होते. "नाही आणणार, मामा."

लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. मामांना वाटलं मी घाबरलेय. ते समजावायला लागले, की बिबट्या परत यायचा नाही, की कास अशीच राहिली तर सड जातील, जनावर वाया जाईल. मग म्हणाले, "अगं, तिनं तुझी लेक वाचवली. तू तिच्यासाठी एवढं नाही करत?"

बाहेर चंद्री रेकली. जयू हलली. माझी तर उठून जावं अशी इच्छा होती, जयूला तिच्यापुढं ठेवावं, तिला मोकळं होऊ द्यावं. आणि तरी मी उठत नव्हते. तिनं वाचवलं ते तिचं रेडकू होतं, माझी लेक नव्हे, हे मी मामांना कसं सांगणार होते?

आत्याबाई भिंतीला टेकून पडल्या होत्या, कमरेला विटेचा शेक घेत.

"निवृत्तीच्या आधी मला एक झाला होता," त्या म्हणाल्या. निवृत्ती म्हणजे हे. "तुला कुणी सांगितलं नसंल. बाराव्याच्या आत गेला. मला दाखवला पण नाही, परस्पर पुरून आले." मामा दारातून बाहेर बघायला लागले. "माझा पान्हा आवरंना. जाऊबाईला दूध नव्हतं. तिचं पोरगं आणून माझ्या मांडीवर दिलं. मला वाटलं मला दिलं. दात आले तशी ती त्याला घेऊन पुण्याला गेली. घरातले सगळे म्हणाले, कशी तरून निघाली बघा दोघं."

विटेवरचं फडकं त्यांनी सरळ केलं.

"आटू दे तिला," त्या मामांना म्हणाल्या.

मामा म्हणाले की हंगामाच्या मध्यावर म्हैस आटवतं का कुणी, डेअरीला काय घालायचं. आत्याबाईंनी ते ऐकलंच नाही. आंबोण कमी करू, थोडं थोडं हातानं मोकळं करू, ती लाथा मारील तर मारू दे, असं त्या सांगत राहिल्या, आणि सांगता सांगता भिंत धरून उठल्या. "अन् ते भोत घ्या. त्याला माती द्या आज. इतके दिवस पोराला नुसतं टांगून ठेवलंय."

पोराला. हा शब्द त्यांच्या तोंडून टोणग्यासाठी मी पहिल्यांदा ऐकला.

त्या लंगडत गोठ्यात गेल्या, मागून मामा खोरं घेऊन, आणि त्यांच्या मागं जयूला घेऊन मी. जवळ गेले नाही, अंगणातच थांबले. आत्याबाई खाली बसल्या. त्यांनी भोताचं दुपटं सोडलं, उसवलेल्या शिवणीत बोटं घालून दोरा तोडला आणि पेंढा मुठीमुठीनं बाहेर काढला. उरलं ते एवढंसं कातडं. ते त्यांनी दोन्ही हातांवर घेऊन चंद्रीच्या तोंडापुढं धरलं. मामा म्हणाले, "चला आता." आत्याबाई म्हणाल्या, "बघू द्या तिला. पोटभर बघू द्या."

चंद्रीनं हुंगलं. एकदा, दोनदा, आत नाक घालून. ती रेकेल असं मला वाटलं, पण ती गप्प राहिली. बराच वेळ तिनं नाक तसंच ठेवलं. मग आपणहून तोंड फिरवलं.

मामांनी शेवग्याखाली खड्डा केला. आत्याबाई तोवर कास चोळत बसल्या. चंद्रीनं दोनदा लाथ मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. थोडंसं दूध आलं, ते त्यांनी जमिनीवरच सोडलं.

अंधार पडायच्या आत सगळे घरात आलो. आत्याबाईंनी हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढं केले. जयूला मागत होत्या.

मी लगेच दिली नाही. त्यांनीही हात मागं घेतले नाहीत.